खंडेनवमीचे कॅमेरे

गाडी घरात आली तेव्हा सुचित्राबाईंना वाटलं होतं, आता आपण चार ठिकाणं बघू. शामकांतरावांनी मात्र महिन्याच्या आत गाडीलाच डोळे बसवले आणि तिला बायकोकडे बघायला लावलं.

सरकारी लेखापरीक्षणात सगळी नोकरी काढलेला माणूस. दुसऱ्याच्या कागदात चूक सापडली की त्या दिवशी यांना जेवण गोड लागायचं. निवृत्त झाल्यावर कागद संपले आणि चुका काढायला घरात बायको तेवढी उरली. बायकोही शाळेतून निवृत्त झालेली, शुद्धलेखन तपासता तपासता केस पांढरे केलेली. तिच्यात चुका सापडेनात. मग गाडी आली आणि शामकांतरावांची सोय झाली.

कॅमेऱ्याचं खूळ मुळात नगरच्या सावेडीतल्या अंगदचं. त्याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं आणि टेपचं दुकान. शामकांतराव बायकोला घेऊन तिथे समोरच्या काचेला एक कॅमेरा लावून घ्यायला गेले, तेवढाच, सगळे लावतात तसा. अंगदनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "काका, ठोकणारा काय समोरूनच येतो का?"

हा प्रश्न ज्याला विचारायला नको त्यालाच नेमका विचारला गेला. शामकांतराव चहा पिता पिता विचारात पडले. मागच्या काचेला एक लागला. मग अंगद म्हणाला, मोटारसायकलवाले बाजूनं येऊन खेटतात, त्याचं काय? दोन्ही आरशांच्या खाली एकेक लागला. शेवटी अंगदनं आतला कॅमेरा काढून दाखवला. तो गाडीत बसलेल्यांचं चित्र घेतो, आवाजही घेतो. शामकांतराव तेव्हा हळूच हसले. ते हसू सुचित्राबाईंनी पाहिलं आणि हा पाचवा कशासाठी आहे ते त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"आणि काका, सिमकार्ड टाकलं की घरबसल्या फोनवर सगळं लाइव्ह दिसतं, ऐकूही येतं," अंगद म्हणाला. "धक्का बसला ना, की तेवढी क्लिप आपोआप लॉक होऊन वेगळ्या फोल्डरला जाते. फोनवरून कुणाच्या बापाला डिलीट होत नाही."

हे शेवटचं वाक्य शामकांतरावांना फारच आवडलं. बाप तेवढा गाळून त्यांनी ते दूधवाल्याला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, शेजारच्या आप्पासाहेबांना तर दोनदा सांगितलं. आप्पासाहेब साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, शेतकरी घरातले, जुन्या जीपमधून आयुष्यभर ऊसपट्टा हिंडलेले. ते म्हणाले, "शामराव, लई भारी काम केलं. आता गाडी तेवढी चालवा."

तो टोमणा होता. शामकांतराव गाडी चालवायचे म्हणजे रस्त्याच्या बरोबर मधून, बैलगाडीला लाज वाटेल अशा चालीनं, आणि मागून हॉर्न वाजला की काच खाली करून वाजवणाऱ्याला संस्कार शिकवायचे. मनमाड रोडवर त्यांच्यामागे टेम्पोंची जी रांग लागायची तिला ते वाहतुकीची शिस्त म्हणायचे. लायसन्स त्यांना दुसऱ्या खेपेला मिळालं होतं. सुचित्राबाई साठी ओलांडल्यावर ज्योती नावाच्या एका पोरीच्या क्लासमध्ये गाडी शिकल्या आणि पहिल्या खेपेला पास झाल्या. घरात हा विषय कुणी काढत नसे, त्यामुळे तो शामकांतरावांच्या डोक्यातून कधी जातही नसे.

मग रोजचं सुरू झालं. सुचित्राबाई गाडी घेऊन भाजीला गेल्या, की इकडे शामकांतराव फोन उघडून बसणार. पाच खिडक्यांत पाच चित्रं. त्यातला एखादा तुकडा कापून 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर टाकणार आणि खाली लिहिणार: 'आक्षेप क्रमांक चार. इंडिकेटर दिल्यानंतर वळण्यास अनाठायी विलंब.' पुढे: 'आक्षेप क्रमांक नऊ. वाहन चालवताना गुणगुणणे.' पुण्याहून सुहास, त्यांचा मुलगा, खदखदून हसणारे चेहरे पाठवायचा. सून अपूर्वा हात जोडायची. हात जोडण्यातून हल्ली काहीही निघतं, म्हणून सुचित्राबाईंनी त्याचा अर्थ लावला नाही.

त्यांनी हे सगळं चालू दिलं. वयात आलेल्या पोरांचे चाळे बाईंनी वर्गात पुष्कळ पाहिले होते. लक्ष दिलं नाही की थंड होतात, असा त्यांचा अनुभव होता. नवऱ्याच्या बाबतीत तो अनुभव कमी पडला.

मध्येच राजूरहून बन्सीचा फोन आला. बन्सी त्यांचा पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, आता स्वतःच नातवंडांचा आजोबा. सुचित्राबाईंची पहिली नोकरी तिकडची, अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्या वाटेवरची. दसऱ्यानंतरच्या रविवारी जुनी पोरं धरणाजवळ जमणार होती.

"बाई, ह्या खेपेला यष्टीनं न्हाई यायचं. तुमी गाडी शिकल्या म्हनं. आमच्या वर्गातली ज्ञानेश्वरी सांगत हुती."

"मीच चालवत येते," सुचित्राबाई बोलून गेल्या. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे वाक्य कित्येक वर्षं आपल्या पोटात होतं.

नव्या नोकरीत त्या एसटीनं विठा घाट चढायच्या तेव्हा नाकाला रुमाल आणि हातात लिंबू असायचं. पहिल्या वळणाला पोटात ढवळायचं. सगळी एसटी ओकायची, ड्रायव्हर मात्र तंबाखू मळत मजेत बसलेला असायचा. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्या माणसाचा त्यांना हेवा वाटला. तो घाट एकदा आपल्या हातानं चढायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. फार मोठी नव्हती.

"घाट?" शामकांतराव म्हणाले. "आधी पत्रकार चौक नीट ओलांड."

"ओलांडते की रोज. तुम्ही बघता ना फोनवर."

शामकांतरावांनी चष्मा काढला, पुसला. "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत एकही गंभीर आक्षेप आला नाही, तर जा. आला, तर किल्ली माझ्याकडे. कायमची."

सुचित्राबाईंनी हो म्हटलं. आपलीच गाडी, आपलंच लायसन्स, आणि आपण परवानगीची अट मान्य करतोय, याचा त्यांना नंतर फार संताप आला. पण शब्द दिला होता, आणि शब्द फिरवायची त्यांना सवय नव्हती.

मग त्यांनी अशी गाडी चालवली की कॅमेऱ्यांनाही कंटाळा यावा. गुणगुणणंसुद्धा बंद केलं. ग्रुपवर सामसूम झाली. शामकांतराव फोनकडे डोळे लावून बसायचे आणि जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणायचे. खंडेनवमी आली तोवर त्यांच्या हाती काहीही लागलं नव्हतं.

खंडेनवमीला शामकांतराव सोवळं नेसून, गाडीसमोर पाट मांडून उभे राहिले. या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा. त्यांच्या वडिलांच्या घरी अडकित्ता, विळी आणि दौत-टाक मांडायचे. यांनी गाडी मांडली. गाडीला हार झाला, चाकांखाली लिंबं झाली, बोनेटवर स्वस्तिक झालं. मग ओल्या कुंकवाची वाटी घेऊन ते कॅमेऱ्यांकडे वळले.

"अहो, भिंगावर नको," सुचित्राबाई म्हणाल्या. "कडेला लावा."

"शस्त्राला कुंकू धारेवर लावतात, मुठीला नाही," शामकांतराव म्हणाले आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या बरोबर डोळ्यात अंगठ्याएवढा टिळा ओढला. मागच्या कॅमेऱ्याला लावला, आरशांखालच्या दोघांना लावला. आतल्या कॅमेऱ्याला तर कुंकवावर अक्षताही चिकटवल्या. त्याच्यावर त्यांचा विशेष जीव होता. हे करताना ते मंत्र म्हणत होते. बाईंना त्यातले दोन चुकलेले ऐकू आले. त्यांनी सोडून दिलं.

पूजा आटोपून शामकांतराव झेंडू आणि आपट्याची पानं आणायला गाडी घेऊन चितळे रोडच्या बाजारात गेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तिथे, गाडी घेऊन. नगरमध्ये अक्कल असलेला कुणीही हे करत नाही. परत आले ते घामाघूम होऊन. गाडी त्यांनी पोर्चमध्ये डाव्या बाजूच्या भिंतीला अगदी चिकटवून लावली आणि कुणाशी न बोलता अंघोळीला गेले. दिवसातून दुसऱ्यांदा.

संध्याकाळी सुचित्राबाई ओलं फडकं घेऊन निघाल्या. "कॅमेऱ्यांवरचं पुसून घेते. काही दिसत नसेल त्यातून."

"हात लावू नकोस!" शामकांतराव ओरडले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "पूजेचं कुंकू दसरा होईपर्यंत पुसायचं नसतं."

असा नियम सुचित्राबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. पण उद्या आपण ज्योतीकडे मिठाई द्यायला गाडी नेणार, तेव्हा ही पाच भुतं आंधळी असतील, हे मनात येऊन त्यांना बरंच वाटलं. त्यांनी फडकं परत टाकलं.

दसऱ्याला सकाळी त्या गेल्या. किती दिवसांनी मनसोक्त गुणगुणल्या. ज्योतीला पेढे दिले, ज्योतीनं त्यांना घाटात गिअर कधी बदलायचा ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि त्या परत आल्या. गाडी तशीच भिंतीकडेला लावली. तोवर सुहास आणि अपूर्वा पुण्याहून पोचले होते. सुहास आईच्या पाया पडला. शामकांतराव मोबाईलचा टॉर्च लावून, भर दिवसा, गाडी आणि भिंत यांच्या फटीत शिरले.

"सुचित्रा!"

डाव्या बाजूला, पुढच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत, लांबलचक ओरखडा होता. रंग पार निघून आतला पत्रा दिसत होता.

"कुठे घासलीस?"

"मी नाही घासली."

"मग काय भिंतीनं येऊन घासली?"

 सकाळभर आपण कुठे कुठे गेलो ते सुचित्राबाईंनी मनात पुन्हा पाहिलं. ज्योतीच्या गल्लीत एक हातगाडी होती. तिच्या बाजूनं काढताना अंतर ठेवलं होतं. ठेवलं होतं ना? त्या गुणगुणत होत्या. आक्षेप क्रमांक नऊ.

मग सगळे जेवायला बसले. श्रीखंड होतं, पण शामकांतरावांनीच ते तीनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर सुहास आईजवळ येऊन बसला, तिचा हात हातात घेतला. असा हात त्यानं दहावीच्या निकालानंतर घेतला नव्हता.

"आई, राग मानू नकोस. पण एवढं मोठं घासलं आणि तुला कळलंही नाही, याचीच भीती वाटते बघ. घाटात असं झालं तर? मी तुझ्या काळजीपोटी सांगतोय."

"मला खरंच कळलं नाही रे," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"वय होतं आई. सगळ्यांचंच होतं. बाबांना दे किल्ली. रविवारी आपण ड्रायव्हर करू, नाहीतर बघू पुढे कधीतरी."

त्यांनी किल्ली दिली. शामकांतरावांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशावरून हात फिरवला.

दुपारी सगळे लवंडल्यावर सुचित्राबाई आतल्या खोलीत गेल्या आणि आरशासमोर उभं राहून त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. डाव्या डोळ्यानं कॅलेंडरवरची तिथी जरा पुसट दिसते असं त्यांना वाटलं. सणाच्या दिवशी डोळ्यांचा डॉक्टर कुठला मिळणार, उद्या जाऊ, असं त्यांनी ठरवलं. मग बन्सीला फोन लावला.

"बन्सी, मी काही गाडी चालवत येत नाही रे."

"का वो बाई? काय झालं?"

"दिसत नाही आताशा नीट," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं. नवरा कुत्सित आहे हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं, त्याचं त्यांना कधी रडू आलं नव्हतं. पण आपला आपल्यावरचा भरवसा गेला, याचं आलं.

संध्याकाळी सोनं द्यायला आप्पासाहेब आणि त्यांच्या घरच्या चांगुणावहिनी आल्या. आपट्याची पानं देणं झालं, पेढे झाले. शामकांतराव इतके खुशीत होते की ओरखड्याची हकीकत त्यांनी स्वतःच काढली. बायकोच्या वयाबद्दल, नजरेबद्दल, बायकांच्या अंतराच्या अंदाजाबद्दल सगळं बोलून झालं. सुचित्राबाई ताटलीतले पेढे सारखे करत बसल्या.

"मंग दाखवा की शामराव," आप्पासाहेब म्हणाले. "पाच पाच कॅमेरे लावलेत. टीव्हीवर लावा, आमाला बी कळू द्या कुठं घासली."

"तीच तर गंमत!" शामकांतराव खुर्चीतून उठलेच. त्यांनी फोन टीव्हीला जोडला आणि आज सकाळचं चित्रण लावलं. पडद्यावर पाच खिडक्या उघडल्या. पाचही लालभडक. "देवाधर्माचं केलं आणि हिचं फावलं बघा. काही दिसत नाही!"

सगळे हसले. सुहास जरा जास्तच हसला. आणि त्या हसण्याखाली टीव्हीतून एक आवाज येत होता, कुणीतरी बाई गुणगुणत असल्याचा. फोनवर शामकांतराव नेहमी आवाज बंद ठेवून बघायचे. चुका डोळ्यांना दिसतात, त्यांना आवाज कशाला, असं त्यांचं मत होतं. टीव्हीचा आवाज मात्र सकाळच्या कीर्तनापासून मोठाच होता.

"वहिनी, तुमीच का ह्या?" चांगुणावहिनींनी विचारलं. "ग्वाड गळा हाय."

सुचित्राबाईंनी मान वर केली. त्या स्वतःचा आवाज ऐकत राहिल्या. ब्रेक, हॉर्न, "आजोबा, जा तुम्ही आधी" असं कुणालातरी सांगणं, पुन्हा गुणगुणणं. वर्षानुवर्षं श्रुतलेखन घातलेली बाई होती ती. ती लक्ष देऊन ऐकत होती आणि पत्र्याचा आवाज काही येत नव्हता.

"पर शामराव," आप्पासाहेब म्हणाले, "धक्का बसला की त्याला कुलूप लागतं म्हनला हुता ना तुमी? दोनदा सांगितलं मला. मंग त्या कुलपातलं लावा, ह्ये सगळं कशाला बघायचं?"

शामकांतरावांचा हात फोनकडे गेला. सुचित्राबाईंचा आधी गेला. त्यांनी फोन उचलला, चष्मा वर सारला आणि बोटानं ते फोल्डर शोधलं. आत एकच क्लिप होती. तिच्यावर तारीख आजची नव्हती, कालची होती.

"ते काही नाही, कुठेतरी खड्ड्यात आदळली असेल," शामकांतराव म्हणाले. "इकडे दे."

"थांबा," सुचित्राबाई म्हणाल्या. वर्गातला आवाज होता तो. शामकांतराव थांबले.

पडदा पुन्हा लाल झाला. हॉर्नचा गोंगाट, झेंडूवाल्यांच्या आरोळ्या, आणि शामकांतरावांचा आवाज, "अरे बाजूला व्हा ना, गाडी दिसत नाही का?" मग खर्रर्र करून लांबलचक आवाज आला, विहिरीच्या कडेला घागर घासत न्यावी तसा. कुणीतरी बाहेरून ओरडलं, "ओ काका, डोळे फुटले का? उभ्या टेम्पोला घासताय!"  मग फोन लागल्याचा आवाज, आणि गाडीच्या स्पीकरवर पलीकडून सुहास बोलला.

खोलीत बसलेल्या सुहासनं पेढा तोंडापाशी नेला होता. तो तसाच राहिला.

"सुहास, गाडी घासली रे. टेम्पोचं मागचं फाळकं लागलं. डावी बाजू पार गेली."

"तुम्हाला लागलं नाही ना? कॅमेऱ्यात आलं असेल, टेम्पोवाल्याला सोडू नका."

"टेम्पो उभाच होता." मग हळू आवाजात, "आणि कॅमेऱ्यात काही नाही. आत्ताच पाहिलं फोनवर. कुंकू लावलंय ना, सगळं लाल."

सुहासचं हसणं. टीव्हीवर ते फार मोठं ऐकू आलं. "मग आईला काय सांगणार?"

"उद्या सकाळी ती गाडी काढणारच आहे. आली की मी बघतो. तिच्याच नावावर टाकायचं. तोवर कुंकू पुसायचं नाही."

"बाबा, म्हणजे तुम्ही पण..." पुन्हा हसणं. "पण एका अर्थी बरंच झालं. ते घाटाचं खूळ तरी जाईल. मी आलो की समजावतो. माझं ऐकते ती."

क्लिप संपली. पडदा काळा झाला. चांगुणावहिनी "अगं बया" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. आप्पासाहेबांनी हातातली आपट्याची पानं उगाच मोजायला घेतली.

"तू हसलास?" अपूर्वानं सुहासला विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

"आई, अगं काळजीपोटीच..." सुहासनं सुरुवात केली.

"दुपारी मी आरशासमोर एकेक डोळा झाकून बघत होते," सुचित्राबाई म्हणाल्या. "मला खरंच कमी दिसायला लागलं होतं. तू सांगितलंस म्हणून."

त्यांना ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडण्याइतकीही किंमत त्या दोघांना द्यावीशी वाटेना. नवऱ्याचं एक वेळ समजत होतं. तो माणूस लहान होता, आणि लहान माणसं लहान कामं करतात. मुलाचा हात त्यांच्या हातावर अजून असल्यासारखा वाटत होता, तो त्यांनी पदरानं पुसला.

त्या उठून शामकांतरावांसमोर उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला. शामकांतरावांना वाटलं, माणसांदेखत प्रकरण मिटवतेय. त्यांनी घाईघाईनं तबकातलं आपट्याचं पान उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे, सोन्यासारखी राहा," असंही म्हणाले.

सुचित्राबाईंनी पान परत तबकात ठेवलं. हात तसाच पुढे केला.

"किल्ली."

शामकांतरावांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब छताकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली.

सुचित्राबाई फडकं घेऊन पोर्चमध्ये गेल्या आणि त्यांनी चारही बाहेरच्या कॅमेऱ्यांवरचं कुंकू पुसून काढलं. आतल्याचंही पुसलं, अक्षता नखानं खरवडून काढल्या. शामकांतराव दारात येऊन म्हणाले, "हा आतला नको असेल तर काढून टाकू आपण. अंगदला सांगतो."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "रविवारी लागेल."

रविवारी सकाळी त्या निघाल्या. अपूर्वा बरोबर येते म्हणाली, तिला त्यांनी पुढे बसवलं. सुहासला कुणी विचारलं नाही, त्यामुळे तो पुण्याला गेला. लोणी, संगमनेर, अकोले मागे पडलं आणि विठा घाट सुरू झाला. पहिल्या वळणाला अपूर्वानं पोटावर हात धरला. सुचित्राबाईंनी तिला डॅशबोर्डवरचं लिंबू दिलं आणि गिअर बदलला. त्यांना काहीही झालं नाही. पुढच्या वळणाला त्या मोठ्यानं हसल्या, आणि मग घाट संपेपर्यंत गात राहिल्या.

धरणाजवळ पोरं उभीच होती. पोरं म्हणजे टकलं पडलेली, ढेऱ्या सुटलेली. ज्ञानेश्वरीनं त्यांना ओवाळलं. बन्सी गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि डाव्या बाजूला थबकला.

"बाई, मानलं तुमाला. घाट चढून आल्या. पर ह्ये काय झालं वो? लई मोठं घासलंय."

सुचित्राबाईंनी आत पाहिलं. आरशाखाली तो पाचवा कॅमेरा होता आणि त्याच्या कडेला बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. घरी कुणी फोनवर लाइव्ह बघत असलं की तो लागतो, असं अंगदनं सांगितलं होतं. नगरमध्ये, दिवाणखान्यात, एक माणूस फोन धरून बसला होता. आणि आता तो आवाज चालू ठेवूनच बघणार, हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी गाडीचं दार सताड उघडलं, कॅमेऱ्याकडे तोंड केलं, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलं,

"तो ओरखडा माझा नाही रे बन्सी. आमच्या ह्यांचा आहे. उभ्या टेम्पोला घासली आणि माझ्या नावावर टाकली. मी तो रंगवून घेणार नाही. जाईन तिथे लोक विचारतील, आणि विचारतील त्याला मी सांगेन."

हिरवा दिवा विझला. सुचित्राबाईंनी दार लावलं आणि त्या पोरांबरोबर जेवायला गेल्या.